इंजिनाच्या पोटातलं अच्छेर

आमच्या ह्यांचं नाव मी घेत नाही, तेव्हा तुम्हीही विचारू नका. वेळ आली की घेईन. घरात मी त्यांना ‘ऐकलं का’ म्हणते आणि ते बहुतेक वेळा ऐकत नाहीत, त्यामुळं आमचं बरं चाललंय.

गोष्ट निजामाच्या राज्यातली, पोलीस ॲक्शनच्या बरीच आधीची. हे तेव्हा नांदेडला तामीरातच्या, म्हणजे बांधकाम खात्याच्या, कचेरीत नक्शानवीस होते. दिवसभर पुलांचे न् मोऱ्यांचे नकाशे काढायचे आणि संध्याकाळी वाट वाकडी करून स्टेशनावरून घरी यायचं. कुणाला आणायचं नसायचं, कुणाला पोचवायचं नसायचं. मनमाडकडची गाडी आली, थांबली, गेली, की स्वारी देवदर्शन झाल्यासारखी घरी. शेजारणी विचारायच्या, आज उशीर का झाला ह्यांना? मी सांगायची, माझी सवत आली होती, धूर सोडून गेली.

मग एका वकिलांनी मोडका ग्रामोफोन देऊन टाकला आणि आमच्या घराची रया गेली. ह्यांनी त्यातली चावीची स्प्रिंग काढली. तांबटाकडून पितळेची चाकं करून घेतली, पत्रा ठोकून, डाग देऊन हातभर लांबीचं इंजिन उभं केलं. रूळ कशाचे, तर जिनिंगमधल्या कापसाच्या गाठी बांधतात त्या लोखंडी पट्ट्यांचे. देवघरापासून मोरीपर्यंत रूळ. मी सोवळ्यानं नैवेद्य घेऊन निघाले की मधे ह्यांचं जंक्शन.

आता त्या ग्रामोफोनात म्हणे तीन गोळ्या असतात. चक्र भराभर फिरायला लागलं की त्या गोळ्या फाकतात आणि त्याला आवरतात, म्हणून तर गाणं एका चालीत ऐकू येतं. ह्यांनी त्याच काढून टाकल्या. म्हणाले, मेल गाडीला लगाम कशाला? झालं, चावी दिली की इंजिन पिसाळल्यासारखं सुटायचं. हे टाळ्या वाजवायचे. पन्नाशीला टेकलेला माणूस, डोक्यावर पगडी, आणि टाळ्या.

आमची एकुलती एक विशाखा मुलींच्या शाळेत शिकलेली, हिशेबाला बापाहून काकणभर सरस. तिनं एकदा भिंतीला टेकून बसल्या बसल्या त्रैराशिक मांडलं आणि सांगितलं, “बाबा, इंजिन खऱ्याएवढं धरलं तर ह्या मापानं तुमची मेल ताशी दोनशे मैलांनी धावायलीय. पूर्णा, परभणी कुठंच थांबली नाही. एव्हाना मनमाडच्या पुढं शेतात गेली असेल.” ह्यांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. तो गुण त्यांचा जुनाच आहे.

त्याच हंगामात विशाखाला बघायला लातूरचे लोक आले. मुलगा उद्धव, तिथल्याच शाळेत मास्तर. शांत, पण बरा. त्याच्या आई तुळजाबाई, ठेंगण्या, गोऱ्या, डोळे असे की भाजीत मीठ कमी आहे हे ताटावर बसायच्या आधी कळावं. आता लातूर काय आणि नांदेड काय, दोन्ही गावांना रेल्वे. पण एका गावची गाडी दुसऱ्या गावाला जात नाही. आमची लाइन रुंद, त्यांची अरुंद, जोडायची म्हटली तरी रूळ जुळायचे नाहीत. पत्रिका तेवढी जुळली. त्यांची ती छोटी गाडी चढावर इतकी सावकाश चालते की माणूस खाली उतरून, बोरं वेचून, परत चढतो, असं आमच्याकडं म्हणतात. आमच्या ह्यांनी ते पाहुण्यांसमोरच म्हटलं. मी पदराआडून डोळे वटारले. वटारलेले डोळेही ह्यांना ऐकू येत नाहीत.

एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात, इथं मुलीच्या बापालाच ते बांधलेलं. खरी गाडी कशी धावते ते दाखवतो म्हणून ह्यांनी इंजिनाला चावी दिली. इंजिन सुटलं, देवघराचं वळण आलं, आणि वळण न घेता ते सरळ गेलं ते तुळजाबाईंच्या पोह्यांच्या बशीत. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. विशाखा दाराआड तोंडात पदराचा बोळा कोंबून हसायलेली.

तुळजाबाईंनी इंजिन उचललं, त्याला लागलेला खोबऱ्याचा कीस झटकला, चाकं फिरवून पाहिली. मग शांतपणे विचारलं, “ओढती का काही, का नुसतीच पळती?”

त्यांना इंजिनाबद्दलच विचारायचं होतं. पण ह्यांना तो प्रश्न जिव्हारी लागला, कारण हाच प्रश्न मी लग्न झाल्यापासून दुसऱ्या शब्दांत विचारत आलेय. हे उभेच राहिले. लग्नाच्या दिवशी विहिणींच्या पंगतीला तुमचा मान हीच गाडी ओढत आणील, तुमच्या पाटापर्यंत, असं सगळ्यांसमोर बोलून बसले. तुळजाबाई हसल्या. “या मग,” म्हणाल्या. “ती आल्याबगर मी घास उचलणार नाही. आणि मधे कुणी हात लावायचा नाही.”

सगळे हसले. मी हसले नाही. विहिणींच्या पंगतीत वरमाईनं पहिला घास घेतल्याशिवाय एकही बाई घास घेत नाही, ही रीत आहे. म्हणजे गाडी अडली तर सगळी पंगत उपाशी, वाढलेलं अन्न गार, आणि आमच्या घराची इभ्रत रुळावर आडवी. आणि ह्यांची इभ्रत मी एक वेळ सोडून देईन, ती तशीही खुंटीला टांगलेली असते. पण लेक तिकडं जन्म काढणार. ‘नुसत्याच पळणाऱ्यांची लेक’ म्हणून नाव पडलं की ते नातवंडांपर्यंत पुसत नाही. रात्री हे मला म्हणाले, “मी फार बोललो का गं?” मी म्हटलं, बोलण्यात तुम्ही नेहमीच मेल असता, आता जरा मालगाडी व्हा.

आणि खरंच झाले हो. दुसऱ्या दिवसापासून घरात टाळ्या बंद. इंजिनामागं पाच डबे जोडले, त्यात लाडू भरले. चावी दिली, इंजिनानं एक हिसका मारला, स्वतः पुढं गेलं आणि डबे मागंच राहिले. कडी तुटली. कडी पक्की केली तर चाकं जागच्या जागी गरगर फिरली आणि गाडी तसूभरही हलली नाही. लाडू तेवढे कमी झाले, ते कुठं गेले ह्याची चौकशी मी केली नाही.

मग बाप-लेक दोघं बसले. विशाखा म्हणाली, आधी वेग कमी करा. ह्यांनी तीन गोळ्या शोधल्या. त्या माझ्या शिवणाच्या डब्यात निघाल्या, बटणांत. त्या बसवल्या, शिवाय चक्रांना आणखी एक चक्र जोडलं. मला समजावून सांगायला आले. वेग आणि ओढ, म्हणाले, ह्या दोघी एका घरातल्या जावा. चूल तीच, पीठ तेवढंच. एकीला जास्त वाढलं की दुसरीच्या ताटात कमी पडणार. हे मला समजावून सांगायचं! मी तीन जावांच्या घरात आले होते.

आता गाडी रांगत्या मुलाच्या चालीनं चालायला लागली. विशाखानं पुन्हा त्रैराशिक मांडलं आणि सांगितलं, आता कुठं हे खऱ्या गाडीसारखं झालं. मी पहिल्यांदा नीट बघितलं, तर खरंच की. आधी ते खेळणं होतं. हळू चालायला लागल्यावर त्याचे दांडे वरखाली होताना दिसत होते, डब्यांचं एकामागून एक ओढलं जाणं दिसत होतं. मी वरणाची फोडणी करपवली त्या दिवशी, इतकी बघत राहिले. ह्यांना सांगितलं नाही, शेफारले असते.

तरी एक अडचण राहिलीच. भरल्या डब्यांना चाकं घसरत होती. आणि नेमकं त्याच वेळी माझं अच्छेर हरवलं. अच्छेर म्हणजे अर्ध्या शेराचं लोखंडी वजन. डाळ, तांदूळ, सगळं मी त्यानं तोलून घालते. सासूबाईंनी हातात दिलेलं होतं. मी घर पालथं घातलं, शेजारणीला दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा विचारल्यावर तिनं तोंड फिरवलं. तीन दिवस आमच्यात बोलणं नाही. शेवटी विशाखालाच राहवलं नाही. तिनं इंजिनाचं झाकण उघडून दाखवलं. बॉयलरच्या पोटात, बरोबर चाकांच्या वर, चिंध्यांत गुंडाळून माझं अच्छेर बसवलेलं!

मी तोंड सोडलंच. ह्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, वजन असल्याशिवाय चाक रूळ धरत नाही. हलकं इंजिन नुसतं फिरतं, जड असेल तर ओढतं. मी म्हटलं, दगड घाला मग. तर दगड मावत नाही, शिसं मिळत नाही, अच्छेर कसं मापून केल्यासारखं बसतं. लग्न झालं की परत देतो असं कबूल केलं. मी शेजारणीकडं तीळगूळ नसताना तीळगुळासारखं गोड बोलून आले.

लग्न वैशाखात. वऱ्हाड लातुराहून अहमदपूर, लोहा करत मोटारींनी आलं, सगळे धुळीनं पांढरे. अंगणात मांडव. आमच्या अंगणाला पाणी निघून जावं म्हणून उतार आहे. मानाचा पाट वरच्या टोकाला, आणि लग्नाच्या चुली खालच्या टोकाला, कनातीमागं. म्हणजे गाडीला सगळा प्रवास चढाचा. आदल्या दिवशी ह्यांनी भरल्या डब्यांनी गाडी दोनदा वर नेली. दोन्ही वेळा पोचली. त्या रात्री हे जेवले.

पण घरात वन्सं होत्या. ह्यांची थोरली बहीण, देवभोळी, मायाळू, आणि कुठल्याही कामात हात घातल्याशिवाय न राहणारी. सकाळी घाणा भरताना जात्याला हळद-तेल लागतं, उखळाला लागतं, मुसळाला लागतं. लग्नघरात जे जे राबणार त्याला हळद लागते. वन्संना वाटलं, मग ह्या बिचाऱ्या गाडीनं काय पाप केलंय? सगळे मंगलाष्टकांना बोहल्याशी जमलेले असताना त्यांनी इंजिनाला पाच बोटं लावली, आणि मग रुळांनाही, दोन्ही रुळांना, वाटीतलं तेल संपेपर्यंत, अगदी वरच्या टोकापर्यंत मायेनं हात फिरवला. कुणाला सांगितलं नाही, कारण शुभकार्य सांगून करत नाहीत.

दुपारी विहिणींची पंगत बसली. प्रत्येकीच्या पानाभोवती शिरगोळ्याच्या रांगोळीची महिरप, उदबत्त्या, आमच्या बायका विहिणीची गाणी म्हणायलेल्या. पुरुषांना त्या पंगतीत पाऊल टाकायची मुभा नाही, त्यामुळं हे खाली कनातीच्या फटीत उभे. डोळा आणि अर्धी पगडी तेवढी दिसत होती. डब्यांत पैठणीची घडी, खण-नारळ, बुंदीचे लाडू, आणि शेवटच्या डब्यात तुपाची चांदीची वाटी. तुळजाबाई हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या. चेहऱ्यावर हसू होतं, पण घास न उचलण्याचा शब्द त्या मोडणार नव्हत्या हेही दिसत होतं.

ह्यांनी चावी दिली, सोडलं. गाडी निघाली. सुरुवातीच्या मंद चढावर डौलात आली, बायका गाणं विसरून माना लांब करून बघायला लागल्या, वाटीतलं तूप हललंही नाही. माझा ऊर भरून आला. चढ वाढला, आणि अर्ध्यावर, लातूरकडच्या बायकांच्या रांगेसमोर, गाडी थांबली. इंजिन थांबलं नव्हतं. चाकं गरगर फिरत होती, पिवळी तुकतुकीत, आणि गाडी जागच्या जागी. पिवळी दिसली तेव्हा मला कळलं. मी वन्संकडं बघितलं. वन्संनी हात जोडून देवाचं नाव घेतलं.

मी तुपाचं भांडं घेऊन त्या रुळापासून हाताच्या अंतरावर उभी. पायाच्या अंगठ्यानं नुसतं टेकवलं असतं तर गाडी गेली असती, आणि नऊवारीच्या घोळात कुणाला दिसलंही नसतं. पण तुळजाबाई माझ्याकडंच बघत होत्या. कनातीच्या फटीतला डोळा दिसेनासा झाला. चावी संपत चालली होती, ती संपली की सगळंच संपलं. पंगतीत कुणीतरी फिसकन हसलं. बोहल्याजवळ बसलेली विशाखा मान खाली घालून हिरव्या बांगड्या फिरवत होती, एकदा पुढं, एकदा मागं.

पानावर बसल्यावर मधे उठायचं नसतं, तुळजाबाई उठल्या नाहीत. त्यांनी डावा हात पुढं केला, आपल्या पानाभोवतीच्या महिरपीतली चिमूटभर रांगोळी उचलली आणि समोरच्या रुळावर सोडली. मग खाली अडलेल्या गाडीसमोर बसलेल्या आपल्या जावेला म्हणाल्या, “वाळू टाका की गं. आपल्या गाडीला चढावर काय टाकतात? चाकापुढं टाका. हात नका लावू गाडीला.”

जावेनं चिमूट टाकली. चाकं करकरली, रूळ धरला, आणि गाडी वीतभर पुढं सरकली. पुढच्या बाईनं आपली महिरप मोडली, तिनं टाकली. मग तिच्या पुढचीनं. समोरच्या रांगेतल्या आमच्या बायकाही वाकल्या. सकाळपासून पोरींनी कंबरडं मोडून काढलेली रांगोळी, एकेकीनं चिमटीनं उचलून रुळावर घातली, डाव्या हातानं, गाडी आपल्यासमोर यायच्या आधी. गाणं कुणीच म्हणत नव्हतं. नुसती करकर, आणि मुंगळ्याच्या चालीनं चढणारी गाडी. मला रडू यायलं होतं आणि हातात तूप असल्यामुळं डोळे पुसता येत नव्हते.

गाडी तुळजाबाईंच्या पाटाशी आली आणि चावी संपली. तिथंच, बरोबर. त्यांनी पैठणी मांडीवर घेतली, वाटी उचलून भातावर तूप घेतलं, आणि पहिला घास घेतला. सगळी पंगत एकदम जेवायला लागली, भूक लागलीच होती. मी वाकून त्यांना म्हटलं की तुम्ही आमची लाज राखली. तर म्हणाल्या, “कशाची लाज? भूक लागली होती मला. आणि ओढती की हो तुमची गाडी. आमच्यासारखीच चालती.” मग जरा मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं, “आता विहीणबाई, गाडीवाल्याचं नाव घ्या.”

बायकांनी एकच गलका केला. पाठ केलेले उखाणे मला चार येत होते, चारही विसरले. कनातीच्या फटीत डोळा परत आला होता. मी तिकडं बघितलं आणि तोंडातून आपोआप आलं,

“हळदीचं तेल रुळाला, रांगोळीची केली वाळू,
दत्तोपंतांची गाडी आली, जरी आली हळू.”

झालं, घेतलं नाव. आता पुन्हा विचारू नका.

दुसऱ्या दिवशी पाठवणी. रुखवतातलं सगळं मुलीबरोबर जातं, आणि विहिणीच्या मानाला लागलेलं इंजिन रुखवतातलंच. हे मला सुचलं नव्हतं. ह्यांना सुचलं होतं, कारण पहाटेच ह्यांनी आपल्या जुन्या धोतराचं फडकं फाडून इंजिन त्यात गुंडाळलं होतं आणि चावी सुतळीनं बांधून ठेवली होती. रूळही मोळीसारखे बांधलेले. मोटार दाराशी उभी, ट्रंका टपावर चढत होत्या. मी ह्यांना बाजूला घेतलं आणि हळूच म्हटलं, ऐकलं का, अच्छेर काढून घ्या, विसराल.

ह्यांनी पहिल्यांदाच लगेच ऐकलं. म्हणाले, “असू दे आत. वजन असल्याशिवाय चाक रूळ धरत नाही. नवी लाइन आहे.”

मी इंजिनाच्या गाठोड्याकडं बघत होते. मग वर बघितलं तर हे गाठोड्याकडं बघतच नव्हते. विशाखा मोटारीच्या पायरीवर उभी होती, तुळजाबाई तिला हात देऊन आत घेत होत्या. मी म्हटलं, बरं, असू दे. सासूबाईंचं होतं, आता तिच्याकडं गेलं.

मोटार लोह्याच्या रस्त्याला लागली. धूळ बसली. मांडवात रांगोळी, हळद, पत्रावळी, सगळं विस्कटलेलं. संध्याकाळी मनमाडच्या गाडीची शिट्टी झाली, तेव्हा हे ओसरीवर बसले होते. स्टेशनावर गेले नाहीत. मी चुलीशी गेले आणि वजन नसल्यामुळं डाळ अंदाजानं घातली. पुढं कितीतरी दिवस ती तिघांपुरतीच होत होती.